पाचांतली एक

हार्बर लाइनच्या कॉटन ग्रीन स्टेशनवर उतरून पूर्वेकडं चालत गेलं की पोर्ट ट्रस्टच्या गोदामांच्या रांगा लागतात. जाड भिंती, उंच दरवाजे, मधून जाणारे रुंद रस्ते. कापूस आगीचं माहेर, म्हणून दर दोन इमारतींत मोकळं अंतर ठेवलेलं. 'कॉटन ग्रीन' हे नावही मूळ इथलं नव्हे. फोर्टातल्या हिरवळीवर कापसाच्या गाठींचा ढीग पडायचा, म्हणून ती जागा 'कॉटन ग्रीन'. 1844 साली तो बाजार कुलाब्याला हलला, नाव बरोबर गेलं. 1920 च्या दशकात शिवडी-माझगावच्या भरावावर नवं कापूस आगार उभं राहिलं, तेव्हा नाव दुसऱ्यांदा हललं आणि इथं स्थिरावलं. बाजार गेला, कापूसही गेला. स्टेशनाच्या पाटीवर तेवढा राहिला.

या गोदामांतून निघालेली गाठ पश्चिमेकडं काळाचौकी, लालबाग, परळच्या गिरण्यांत जायची. ती फोडायची, पिंजायची, कातायची, विणायची. या प्रवासात एका टप्प्यावर सूत बायकांच्या हाती यायचं. त्या टप्प्याची ही हकिकत आहे. एका बेटावरच्या एका धंद्यात पाचांतली एक कामगार बाई असायची. साठ वर्षांत ती शंभरांत चार-पाचावर आली. गिरणगावाचा इतिहास आपण संपांचा इतिहास म्हणून वाचतो. त्यात 1982 सालच्या संपाची तारीख ठळक असते. पण गिरणीतून बायकांचं जाणं त्या संपाच्या कितीतरी आधी पुरं झालं होतं, आणि त्यासाठी कुणी भोंगा वाजवला नव्हता.

कावसजी नानाभाई दावरांनी 1854 साली 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' काढली. ताडदेवच्या त्या गिरणीतून 1856 साली सूत निघू लागलं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बेटाच्या मध्यभागी धुराड्यांचं रान उठलं. या गिरण्यांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे चीन. मुंबईत कातलेलं जाडं सूत जहाजानं शांघायकडं जायचं, आणि ते लडी करून पाठवावं लागायचं. लडी करायचं काम रिळिंग खात्यात. आणि रिळिंग खातं म्हणजे बायकांचं खातं. दुसरं खातं वाइंडिंगचं. बॉबिनवरचं सूत कांडीवर नाही तर मोठ्या रिळावर घ्यायचं, तुटलं तर गाठ मारायची, पुन्हा चालू. या कामाला बोटं चपळ लागतात असं मालक सांगायचे. मजुरी पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास द्यावी लागते, हेही त्यांना ठाऊक होतं. तिसरी जागा रद्दी कापूस वेचण्याची, तिथं म्हाताऱ्या बायका बसायच्या.

या बायका होत्या कोण? मुंबई हे त्या वेळी पुरुषांचं बेट होतं. 1911 ते 1931 या तिन्ही जनगणनांत शहरात हजार पुरुषांमागं बायका साडेपाचशेच्या आसपासच भरल्या. रत्नागिरीचा चाकरमानी बायको-मुलं गावी ठेवून यायचा. खोलीत दहा-पंधरा गडी राहायचे आणि मनिऑर्डर कोकणात जायची. त्यामुळं या बेटावर एकटं बिऱ्हाड करणारी बाई बहुधा गावाकडची वाट बंद झालेली असायची. नवरा मेलेला, नवऱ्यानं टाकलेली, दुष्काळानं घाटावरचं घर मोडलेली. पुणे, सातारा, नगरकडून अख्खी कुटुंबंही आली. त्यांत नवरा साच्यावर, बायको वाइंडिंगला, असा संसार मांडला जाई. या बायकांवर मुकादम म्हणून बाईच असायची, तिला नायकीण म्हणत. कामाला लावायचं तिनं, खाडा झाला तर बदली द्यायची तिनं, आणि दस्तुरीही घ्यायची तिनंच. पुरुषांवरच्या मुकादमाबद्दल, म्हणजे जॉबरबद्दल, आपल्याकडं भरपूर लिहिलं गेलं. नायकिणीबद्दल फार थोडं.

कामाचा मोबदला वजनावर मिळायचा, त्यामुळं एक सवड होती. घरचा स्वयंपाक उरकून, पोराला पाजून, सकाळी थोडं उशिरा खात्यात शिरलं आणि दिवे लागायच्या आधी निघालं तरी चालायचं. जेवढं सूत तेवढे पैसे. या सवडीवर हजारो संसार तगले. पुढं काय गेलं हे समजायचं असेल तर ही सवड लक्षात ठेवायला हवी.

24 एप्रिल 1890 रोजी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी महालक्ष्मीला सभा भरवली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते. मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची, आणि त्या सभेत दोन बायका बोलल्या. 1890 सालच्या मुंबईत, दहा हजार माणसांपुढं, गिरणीत काम करणाऱ्या बायका उभ्या राहून बोलल्या, हे वाचताना आजही मी क्षणभर थांबतो. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हा रविवार आपण सगळेच उपभोगतो. त्यात त्या दोघींचा वाटा आहे.

1891 च्या कारखाना कायद्यानं बायकांचे कामाचे तास अकरावर आणले. पुरुषांच्या तासांना अजून मर्यादाच नव्हती. 1905 च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि चौदा-पंधरा तासांचा दिवस सर्रास झाला. 1911 च्या कायद्यानं पुरुषांचे तास बारावर बांधले आणि बायकांच्या रात्रीच्या कामाला बंदी घातली. 1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथं हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीनं ना. म. जोशी गेले होते. स्त्रियांना रातपाळी नको, हा ठराव तिथं जगासाठी झाला आणि हिंदुस्थाननं तो लगेच स्वीकारला. बाळंतपणाच्या रजेचा ठराव त्याच परिषदेत झाला. तो मात्र सरकारनं स्वीकारला नाही.

बाळंतपणाची त्या वेळची स्थिती काय होती? 1920-22 च्या सुमाराला मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरकडून गिरणीतल्या बायकांची पाहणी करवली. आई दिवसभर खात्यात असताना बाळानं गप्प पडून राहावं म्हणून त्याला अफूची बाळागोळी दिली जाते, असं त्यांना दिसलं. एखाददुसऱ्या घरात नव्हे, जवळजवळ सगळ्याच बाळांना. बाळंतपणाआधी शेवटच्या दिवसापर्यंत काम आणि नंतर शक्य तितक्या लवकर पुन्हा खात्यात. पगारी रजा नव्हतीच, आणि जागा धरून ठेवायची हमी नायकिणीच्या मर्जीवर.

ना. म. जोशींनी 1924 साली केंद्रीय विधिमंडळात प्रसूती-लाभाचं विधेयक मांडलं, ते पडलं. मग मुंबई प्रांताच्या कौन्सिलात सभासद आसवले यांनी आपलं विधेयक आणलं. 28 जुलै 1928 ला त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा, असं ते म्हणाले. पण सरकार पुढं येत नसेल तर मालकानं द्यावा. बाई कामाला लावण्यात फायदा दिसतो म्हणून तर मालक तिला घेतो, मग त्या फायद्यातून काही परत करायला हरकत कसली? 1929 साली कायदा झाला. या देशातला तो पहिला प्रसूती-लाभ कायदा. मुंबईतल्या गिरणीत बाळंतपणाच्या दिवसांचे रोज आठ आणे मिळू लागले.

आता धागा जरा मागं घ्यावा लागेल. कायद्याची गाडी पुढं जात होती तेव्हा धंद्याची गाडी उतरणीला लागली होती. पहिल्या महायुद्धाच्या आधीच जपानी गिरण्यांनी चीनचा बाजार ओढायला सुरुवात केली होती. 1920 च्या दशकात तो मुंबईच्या हातून गेला. चीनला सूत जायचं थांबलं, म्हणजे लड्या करायचं थांबलं, म्हणजे रिळिंग खाती रिकामी झाली. शांघायच्या बाजारातली मंदी थेट परळच्या चाळीत अशी उतरली.

आणि इथं जगाकडं एकदा पाहायला हवं, कारण आपल्याकडं सहज म्हटलं जातं की गिरणीचं काम बायकांचं नव्हेच. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत निम्म्याहून जास्त कामगार बायका होत्या. जपानी सूतगिरण्यांत तर दहांतल्या आठ मुली होत्या. खेड्यातून आणून वसतिगृहात ठेवलेल्या, 1929 पर्यंत रातपाळीही करणाऱ्या. त्यांचं जिणं हेवा करण्यासारखं मुळीच नव्हतं. पण कापूस तोच, यंत्रं त्याच तऱ्हेची. मुंबईत तेव्हा दीड लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते आणि त्यांत बायका तीस हजारांच्या घरात. म्हणजे किती बायका कामावर राहतील हे यंत्र ठरवत नव्हतं. ते ठरवत होती मजुरांची भरती, चाळीतली खोली, मालकाचा हिशेब आणि घरातल्या पुरुषाचं मत.

26 एप्रिल 1928 ला सार्वत्रिक संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. मालकांना कमी माणसांत जास्त काम हवं होतं. दोनाऐवजी तीन साचे, जास्त चात्या, जास्त कांड्या. संपातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर ही नावं याच लढ्यातली. बायका हातात झाडू घेऊन गिरणीच्या दरवाजावर उभ्या राहात, फितूर आत जाऊ नये म्हणून. वाइंडिंग खात्यांचे स्वतःचे छोटे-मोठे संपही पुढच्या वर्षांत झाले. उषाताईंचं 'पण ऐकतं कोण?' आणि पार्वतीबाईंची 'एका रणरागिणीची हकीकत' ही पुस्तकं वाचली पाहिजेत.

झाडू हातात घेतलेल्या या बायकांच्या बाजूनं मागणीपत्रक मात्र तितकंसं उभं राहिलं नाही. कामगार चळवळीचा सगळा भर पुरुषाला कुटुंब पोसण्याइतका पगार मिळावा, यावर होता. मागणी न्याय्यच होती. पण तिच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती. कुटुंब पोसणारा तो, आणि बाईचा पगार म्हणजे वरखर्चाला हातभार. कपात अटळ दिसली की कुणाची जागा आधी जाणार, हे या समजुतीतच ठरून गेलं. अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात घेत नाहीत हा प्रश्न आंबेडकरांनी त्याच काळात उभा केला. बायकांच्या वाट्याची खाती आटत चालली आहेत, हा प्रश्न तितक्या जोरानं कुणीच उभा केला नाही. मला ही त्या थोर चळवळीतली मोठी उणीव वाटते, आणि ती सांगितल्यानं चळवळीचा मोठेपणा कमी होत नाही.

मग 1930 चं दशक आलं. हळू चालणाऱ्या वाइंडिंग यंत्रांच्या जागी जलद यंत्रं आली, तीन बायकांचं काम एकीवर आलं. वजनावरच्या कामातली ती जुनी सवड संपली. आता भोंग्याला हजर राहायचं आणि पुरते तास भरायचे. ज्या बाईच्या मागं घर होतं आणि सासू नव्हती, तिला हे झेपेना. 1934 च्या कायद्यानं रोजचे तास दहा झाले, ते सगळ्यांसाठीच चांगलं होतं. पण त्याच सुमाराला गिरण्या दोन पाळ्यांत चालू लागल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात तर रातपाळीचा पूर आला. लष्कराला कापड हवं होतं, यंत्र एक क्षणही थांबवायचं नव्हतं. रातपाळीला बाई चालत नाही. मग वाइंडिंगच्या रातपाळीवर पुरुष आला. तेच यंत्र दिवसा बाई चालवी, रात्री पुरुष. पाळ्या आलटून-पालटून लावायच्या ठरल्या तेव्हा मालकाला दोन्ही पाळ्यांत चालणारा माणूस सोयीचा वाटू लागला, आणि म्हातारी बाई निवृत्त झाली की तिच्या जागी बाई घ्यायचं बंद झालं.

कामावरून सरळ काढून टाकलेल्या बायकाही पुष्कळ होत्या. पण बहुतांश वाट ही अशी झिरपण्याची होती. दरवाजा बाहेर पडायला उघडा, आत यायला बंद. त्यात प्रसूती-लाभाचा भार एकट्या मालकावर टाकलेला. आंबेडकरांनी जे आधी मागितलं होतं, सरकारनं भार उचलावा, ते झालं असतं तर बाई घेतल्यानं मालकाचा खर्च वाढला नसता. कामगार राज्य विम्याचा कायदा 1948 साली आला आणि तो भार विम्याकडं गेला. तोवर वीस वर्षं उलटली होती. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्यानं पन्नासहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर बंधनकारक केलं. बाळागोळीच्या दिवसांत हे पाळणाघर असतं तर किती लेकरं आणि किती नोकऱ्या वाचल्या असत्या.

1930 च्या दशकाच्या शेवटी बायकांचा वाटा शेकडा पंधराच्या आसपास उतरला होता. स्वातंत्र्याच्या सुमाराला दहा-अकरा. 1982 च्या संपाच्या तोंडावर सव्वादोन लाखांवर कामगारांत बायका दहा हजारांच्याही खाली.

रात्रीच्या बंदीबद्दल मला स्पष्ट म्हणायचं आहे. ती घालणाऱ्यांचा हेतू चांगला होता. बायकांना रात्री यंत्रापुढं उभं करणं क्रूरच होतं. पण ते पुरुषांसाठीही तितकंच क्रूर होतं. दोघांसाठी रात्र बंद केली असती, किंवा दोघांसाठी ती सुसह्य केली असती, तर बाईची जागा गेली नसती. संरक्षण फक्त बाईला दिलं आणि त्याची किंमतही फक्त बाईनं मोजली. 2020 सालच्या कामगार संहितेनं स्त्रीच्या संमतीनं रातपाळीची वाट पुन्हा उघडली. वाइंडिंग खातं तोवर उरलंच नव्हतं.

गिरणीतून बाहेर पडलेली बाई गेली कुठं? उत्तरासाठी फार लांब जावं लागत नाही. लालबाग-काळाचौकीतल्या कुठल्याही जुन्या चाळीत विचारा. ती त्याच खोलीत चुलीपुढं बसली होती आणि वीस गड्यांचा स्वयंपाक करत होती. खाणावळ! गावी बायको ठेवून आलेला चाकरमानी दोन वेळ जेवायचा कुठं? पहाटपाळीचे डबे वेगळे, दुसऱ्या पाळीची पंगत वेगळी, रातपाळीवाल्यांसाठी झाकून ठेवलेलं वेगळं. भाकऱ्या, आमटी, सुकं, रविवारी मटण. पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर वाण्याकडं उधारी आणि सावकाराकडं मंगळसूत्र. भोंगा तिच्यासाठी वाजत नव्हता, पण तिचा दिवस भोंग्याच्या दोन तास आधी सुरू व्हायचा. गिरणी चालायची ती कामगाराच्या हातांवर, आणि ते हात चालायचे या बाईच्या ताटावर.

हिची नोंद कुठं झाली? जनगणनेचं मोजमाप इथं पाहण्यासारखं आहे. 1961 च्या जनगणनेत कामाची व्याख्या सैल होती. नेमानं थोडा वेळ जरी काम केलं तरी माणूस 'कामकरी' धरला जायचा. 1971 ला विचारलं गेलं, तुमचं मुख्य काम काय? बाई म्हणाली, घरकाम. प्रगणकानं तसं लिहिलं. देशभरात कामकरी बायकांचं प्रमाण एका दशकात शेकडा अठ्ठावीसवरून चौदाच्या आसपास, म्हणजे निम्म्यावर आलं. यातली काही घट खरी होती, पण मोठा भाग त्या एका प्रश्नानं पाडला. वीस गड्यांना जेवू घालणारी बाई सरकारी कागदावर बेकारही नव्हती. ती कामाच्या बाजारातच नव्हती.

1969 साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. या बायकांना त्याचा उपयोग व्हायला मात्र एक संप घडावा लागला. 1973-74 चा गिरणी संप लांबला, तेव्हा खाणावळवाल्या बायकांनी दागिने गहाण टाकून संपकऱ्यांना जेवू घातलं. पगार नव्हता, त्यामुळं पैसे मागायचे कुणाकडं? गोवा मुक्तिलढ्यात गोळी झेललेल्या प्रेमा पुरव तेव्हा गिरणगावात काम करत होत्या. त्यांनी हे पाहिलं. 1975 साली त्यांनी या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. तारण नाही, सही येत नाही, हमी एकमेकींची. चार टक्के व्याजाची सरकारी कर्जयोजना कागदावर होतीच, ती या बायकांनी खाली आणली. सावकार सुटला. या बायका पहिल्यांदा कुठल्या तरी खातेवहीत 'धंदा करणाऱ्या' म्हणून लिहिल्या गेल्या, ती खातेवही बँकेची होती. जनगणनेची नव्हे.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्यानंतर काय झालं ते गिरणगावातल्या प्रत्येक घराला पाठ आहे. एवढंच सांगतो, की त्या दोन वर्षांत चूल पेटती राहिली ती बहुतेक घरांत बाईच्या कमाईनं. धुणीभांडी, पापड, शिवण, भाजीची टोपली. भरती बंद झाल्यावर चाळीस वर्षांनी गिरणगावातल्या बाया हजारोंनी पुन्हा कमावू लागल्या, फक्त या वेळी त्यांना पगारपत्रक नव्हतं, विमा नव्हता, पाळणाघर नव्हतं. त्यांच्या पणज्यांनी 1929 साली मिळवलेले आठ आणेही नव्हते.

कॉटन ग्रीन स्टेशनच्या पश्चिमेला काळाचौकीत इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या जागेवर महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालय करायला घेतलं आहे. साचे येतील, धुराडं राहील, संपाची छायाचित्रं लागतील. गिरणगावातल्या माझ्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरातल्या पेटीत पणजीचं गिरणीचं तिकीट असेल, वाइंडिंग खात्याचं हजेरीकार्ड असेल, आजीच्या खाणावळीची उधारीची वही असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्यावरचं नाव, खातं आणि साल नीट लिहून काढा आणि ती संग्रहालयाकडं द्या.